कार्बन पुरायचा तर आधी कातळ ओळखा

भूविज्ञान घेतलं म्हटलं की ठाण्यात अजूनही विचारतात, "म्हणजे ओएनजीसीत जाणार?" जा, तेही उत्तम काम आहे. पण हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीत कायमचा कसा ठेवायचा, हे कामही आपलंच आहे, आणि मी याच ओढीने या विषयात टिकले.

आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळात, सोडला. आम्लधर्मी पाण्याने खडकातलं कॅल्शियम ओढून घेतलं आणि त्यातून कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, तयार झालं. ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या पायाखालीही बेसॉल्टच आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

म्हणून पहिल्या वर्षीच हातोडा आणि भिंग घेऊन ठाण्याजवळच्या पारसिकच्या टेकडीकडे जा. एकट्याने नको, आणि पावसाळ्यात कापलेल्या कड्याखाली तर नकोच. कातळातल्या पोकळ्यांत पांढरी खनिजं दिसतील. त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर बहुधा झिओलाइट किंवा क्वार्ट्झ. आइसलँडमध्ये घडवून आणलेलं कॅल्साइट इथे निसर्गानेच भरून ठेवलंय. मग थर बघा: लाव्हाच्या थराचा माथा सच्छिद्र, मधला भाग भरीव. पाणी शिरेल ते माथ्यात, भरीव भाग झाकणासारखा. साठवणीचा सगळा हिशोब या फरकावर उभा असतो, आणि तो पुस्तकात वाचून डोळ्यात बसत नाही.

भूजलाचा पेपर मात्र टाळू नका. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागतं. ज्या शहापूर तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबई पिते, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. इथे गोड्या पाण्यावर ही पद्धत चालवणं मला तरी मान्य नाही. समुद्राचं पाणी वापरण्यावर संशोधन चालू आहे. नव्या मुलांनी तिकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी 'जॅम' या प्रवेशपरीक्षेचा भूविज्ञानाचा पेपर द्या. पवईच्या आयआयटीत कार्बन पकडण्या-वापरण्यावरचं राष्ट्रीय केंद्र आहे. भूभौतिकी आवडत असेल तर नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था जवळच आहे. आणि रसायनशास्त्र पक्कं करा. पाणी-खडक अभिक्रियांचं गणित करणारं पीएचआरईईक्यूसी (PHREEQC) हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सुट्टीत घरी बसून शिकता येतं.