माडीच्या उतरत्या छताला आतून बोर्ड मारताना

दापोलीच्या आमच्या घरात माडी थेट मंगळुरी कौलांखाली येते. एप्रिलच्या दुपारी आईला तिथं पाठ टेकवत नसे. म्हणून दोन्ही खोल्यांना आतून रॉकवूल (ऊन अडवणारी दगडी लोकर) भरून खाली सिमेंट फायबरचे बोर्ड लावले. पहिल्या खोलीत वासे एका पातळीत आणायला खालून पाचरी मारल्या होत्या. पावसाळ्यात लाकूड फुगलं, उन्हाळ्यात आखडलं, पाचरी हलल्या आणि बोर्डांच्या सांध्यांवर चिरा पडल्या. दुसऱ्या खोलीत केलं ते असं.

शाकारणी करून, म्हणजे कौलं नीट बसवून, एक अख्खा पावसाळा जाऊ द्या. ओल दिसेल तिथं खडूनं खूण करून ठेवा, कारण एकदा वूल भरलं की गळती कळत नाही, आतल्या आत लाकूड कुजतं. काम दिवाळीनंतर काढा. प्रत्येक वासा हातोडीनं ठोका. पोकळ वाजला तर वाळवी आहे, तो बदलाच.

आता दोरी. एका पाख्याच्या, म्हणजे छताच्या एका उतरत्या बाजूच्या, चारही कोपऱ्यांत खिळे ठोकून समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरक्या ताणा. मधे त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. फट राहिली किंवा एक दुसरीला दाबू लागली, तर पाखं पिळलेलं आहे. खिळे वरखाली करून दोऱ्या जुळवा. सर्वांत खाली आलेला वासाही दोरीच्या वरच राहील, असं बघा. मग प्रत्येक वाशाच्या कुशीला तीन बाय एक इंचाची, चांगली वाळलेली पट्टी दोरीच्या पातळीला धरून स्क्रूनं पक्की करा. वासा वाकडाच राहू द्या, पट्टी सरळ हवी. आमच्या सुतारदादांना हे वेळखाऊ वाटलं होतं, पण एका ठिकाणी वासा पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वर होता. तिथं पाचर टिकलीच नसती.

कौलांखाली निदान एक इंच हवा खेळती ठेवा. त्यासाठी वाशांच्या मधे नायलॉनची दोरी नागमोडी ताणा, म्हणजे वूल वर सरकत नाही. गरम हवा वळचणीकडून आढ्याकडे चढून बाहेर पडली पाहिजे. दोन्ही तोंडांना बारीक जाळी ठोका, नाहीतर उंदीर घर करतात. ५० मिमीचं वूल दोन वाशांमधल्या गाळ्यापेक्षा अर्धा इंच रुंद कापलं की आपोआप अडकून बसतं. दाबून कोंबू नका, दबलेलं वूल ऊन नीट अडवत नाही. फॉईल असेल तर ती बाजू मोकळ्या हवेकडे. पूर्ण बाह्या, हातमोजे आणि मास्क हवेतच.

वायर पाइपातूनच न्या आणि छतात रुतवायचे दिवे टाळा. वुलात ते तापतात. बोर्डांमधे एक सूत फट ठेवा, सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, आणि कडेला स्क्रू मारण्याआधी भोक पाडून घ्या.