लेमीवर कम्युनिटी काढताय? या चुका टाळा

लेमी म्हणजे रेडिटसारखंच, पण एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारं चर्चेचं ठिकाण; कम्युनिटी म्हणजे तिथला एका विषयाचा गट. जुलै २०२३ पासून रेडिटने एपीआयला (बाहेरच्या अ‍ॅपना रेडिटशी जोडणाऱ्या सोयीला) पैसे लावले, तेव्हा बरीच मंडळी लेमीवर आली. येताना रेडिटची सवयही आणली: प्रत्येक बारीक विषयाची वेगळी कम्युनिटी. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रेडिटवर नुसत्या बोन्सायवर कम्युनिटी चालते, कारण तिथे गर्दीच अफाट. लेमीवर तेच केलं की एकटा मॉडरेटर पोस्टी टाकत बसतो. नवा माणूस येतो, शेवटची पोस्ट तीन महिन्यांपूर्वीची दिसते आणि प्रश्न न विचारताच निघून जातो.

त्यापेक्षा ‘बागकाम’ काढा आणि पोस्टच्या शीर्षकाआधी [बोन्साय] लिहायला सांगा. आठवड्याला पाच-सहा बोन्साय पोस्टी, त्याही तीन-चार वेगळ्या लोकांच्या, असं दोन महिने टिकलं तरच फुटून निघा. हा आपला ठोकताळा. एकाच हौशी माणसाच्या वीस पोस्टी यात धरायच्या नाहीत, हौस ओसरते.

काढण्याआधी लेमी एक्सप्लोररवर, म्हणजे सगळ्या सर्व्हरवरच्या कम्युनिटी दाखवणाऱ्या वेबसाइटवर, शोधा. लेमीवर नावासोबत सर्व्हरही जोडलेला असतो, त्यामुळे एकाच नावाच्या कम्युनिटी चार सर्व्हरवर सुखाने नांदतात आणि वाचक मात्र चार ठिकाणी वाटले जातात. चालती असेल तिथेच जा.

‘कम्युनिटी आहे, पण कुणाला दिसतच नाही’ ही तक्रार नेहमीची. दुसऱ्या सर्व्हरवरचं कुणी सबस्क्राइब करेपर्यंत नव्या पोस्टी तिकडे जातच नाहीत. तिथल्या ओळखीच्या एकाला शोधपट्टीत उद्गारचिन्ह, कम्युनिटीचं नाव, अ‍ॅटचं चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता असं सलग टाकून सबस्क्राइब करायला सांगा. जुन्या पोस्टी मोजक्याच येतील, त्यांवरच्या प्रतिक्रिया येणार नाहीत. तो बिघाड नव्हे.

दुसरं कारण भाषेचं. पोस्टला मराठी भाषा लावली आणि वाचकाने सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी निवडली असेल, तर पोस्ट त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याने मराठीबरोबर ‘अनडिटरमाइन्ड’ही निवडायला हवं, नाहीतर भाषा न लावलेल्या पोस्टीही गायब.

फीडचा (समोर येणाऱ्या पोस्टींच्या यादीचा) क्रम ‘अ‍ॅक्टिव्ह’वर असेल तर मोठ्या कम्युनिटी छोट्यांना झाकून टाकतात. लेमीच्या ०.१९ आवृत्तीपासून ‘स्केल्ड’ क्रम आहे, तो छोट्यांना वर आणतो. सभासदांना तो लावायला सांगा.

कम्युनिटी मेलीच असेल तर डिलीट करू नका. मोठ्या कम्युनिटीचा पत्ता पिन करा आणि ‘फक्त मॉडरेटर पोस्ट करू शकतील’ ही खूण लावा. जुनी उत्तरं वाचायला राहतात.