कोयनेचं पाणी चारीत येईपर्यंत : रब्बीच्या आवर्तनाची तयारी

परतीचा पाऊस सरला की टेंभू, ताकारी, म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा सिंचन योजनांच्या पट्ट्यात एकच विचारणा सुरू होते, "आवर्तन कधी?" म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी कधी सुटणार? याचं उत्तर कुठल्याही एका साहेबाकडे नसतं. कोयना धरण भरलं म्हणजे 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातलं 67.5 टीएमसी कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या लवादानं पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीला दिलंय. आपल्याकडे येणारं पाणी एरवी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून सुटतं, दोन्ही संच चालले तर 2100 क्युसेक (सेकंदाला घनफूट). कराडच्या प्रीतिसंगमावर ते कृष्णेत येतं. मग आधी टेंभू उचलणार, पुढं ताकारी, सगळ्यात शेवटी म्हैसाळ. धरणातून विसर्ग, बंधाऱ्यांच्या फळ्या, पंपांची वीज, कालव्याचं गेट हे सगळं वेगवेगळ्या हातांत. एकानं उशीर केला की पाणी नदीतच राहतं.

या साखळीची सुरुवात आपल्या अर्जापासून होते. शाखा कार्यालयात मागणी किती हेक्टरची आली, त्यावर वरची मागणी ठरते. रब्बी हंगाम 15 ऑक्टोबर ते 28 फेब्रुवारी धरतात. पाणी मागणीचा नमुना 7 चा अर्ज मुदतीत द्या, पोच घ्या. पाणीवापर संस्था असेल तर सचिवाच्या मागं लागा. उपशाच्या वीजबिलातला 19 टक्के वाटा लाभधारकांचा, 81 टक्के शासनाचा. आपला वाटा पाणीपट्टीतून जातो आणि बऱ्याचदा ऊसबिलातून कापला जातो. कापला म्हणजे जमा झाला असं समजू नका. आमची कपात एकदा भलत्याच गटावर चढली होती आणि थकबाकीदार आम्ही ठरलो. पावतीवरचा गट नंबर बघाच.

पीक निवडताना तारखेचा भरवसा धरू नका. एक-दोनच पाणी मिळेल असं वाटत असेल तर शाळू (रब्बी ज्वारी) किंवा हरभरा बरा. शाळूला पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, पाणी चुकवू नका. हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना दिलं तरी भागतं. गहू विहिरीचा आधार असेल तरच. तरीही पेरलात आणि एकच पाणी हाती असेल, तर ते 40 ते 42 दिवसांनी द्या. दोन असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी. द्राक्षबागायतदारांनी शेततळं पहिल्याच आवर्तनात भरून घ्यावं, दुसऱ्या आवर्तनाची वाट बघू नये. नदीकाठच्यांनीही निर्धास्त राहू नये. पात्र उतरलं की उपसाबंदी लागते.

चारीतलं, म्हणजे शेतापर्यंत येणाऱ्या छोट्या कालव्यातलं, गवत आणि गाळ पाणी सुटण्याआधी काढा, आणि सुरुवात शेवटच्या शेतापासून करा. माथ्याकडून सुरू केलेली सफाई मध्येच थांबते, हा नेहमीचा अनुभव. कुणी कधी पाणी घ्यायचं त्या पाळ्यांचे वारही आधीच कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. रात्री दोनला बांधावर हुज्जत घालेपर्यंत पाणी ओढ्याला गेलेलं असतं.