तिशी ओलांडलेला खेळाडू अचानक गोल करू लागला? फँटसी हॉकीत या चुका टाळा

फँटसी हॉकीत आपण NHL या व्यावसायिक लीगमधल्या खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधतो आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर आपली शर्यत चालते. मोसमाआधी आळीपाळीने खेळाडू निवडायचे, तो ड्राफ्ट. २०१८च्या ड्राफ्टमध्ये मी एरिक स्टालला तिसऱ्या फेरीत उचललं. आदल्या मोसमात त्याने मिनेसोटा वाइल्डकडून ४२ गोल आणि ७६ पॉइंट (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलाला दिलेले पास, मिळून) केले होते, तेही तेहेतिसाव्या वर्षी. मी मनात हिशेब केला, ४२ नाही तरी ३५ कुठे गेले नाहीत. झाले २२ गोल आणि ५२ पॉइंट. आमची ऑफिसातली बारा जणांची लीग आहे. इथे कॅल्गरीत हॉकी म्हणजे बर्फावरचीच आणि हिवाळाभर जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसतो. माझा संघ फेब्रुवारीतच शर्यतीतून बाहेर पडला.

त्यानंतर मी जुन्या मोसमांचे आकडे घेऊन बसलो आणि तेव्हापासून दर वर्षी बसतो. अनुभवी खेळाडूचा भर, म्हणजे अचानक वाढलेले गोल-पॉइंट, टिकेल का, हे ओळखायला मला एकच प्रश्न उपयोगी पडलाय: त्याच्या खेळात नेमकं बदललं काय? शॉट वाढले, मिनिटं वाढली, पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना) चांगली जागा मिळाली, असं बोट ठेवून दाखवता येत असेल तर ती गोष्ट असेपर्यंत भर टिकतो. काहीच दाखवता येत नसेल, तर फक्त टक्केवारी फुगलेली असते. खालच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

फक्त गोल मोजणं

स्टालचे ते ४२ गोल २४१ शॉटमधून आले होते. म्हणजे शूटिंग टक्केवारी, शंभर शॉटमागे होणारे गोल, साधारण १७.४. पण त्याची कारकीर्दभराची टक्केवारी अकरा-बाराच्या घरात होती आणि त्याच्यामागे एक हजारावर सामने होते. २४१ शॉटना १२ टक्के लावले तर गोल येतात २९. ड्राफ्टच्या दिवशी माझ्यापुढे असायला हवा होता तो हा आकडा. २९ आणि पुढे प्रत्यक्षात झालेले २२, यांत फरक आहेच, तो वयाचा आणि उतरत्या शॉटांचा म्हणता येईल. पण ४२ आणि २९ यांच्यातली दरी मी स्वतः पाच मिनिटांत काढू शकलो असतो.

क्रिकेटमध्ये तीन झेल सुटल्यावर झालेलं शतक आपण पाहिलेलं असतं. शतक खोटं नसतं, धावा फळ्यावर राहतातच. पण पुढच्या सामन्यातही तीन झेल सुटतील असं धरून कुणी संघ निवडत नाही. हॉकीत सुटलेले झेल दिसत नाहीत, ते शूटिंग टक्केवारीत लपलेले असतात.

इथे अनुभवी खेळाडू आपल्या फायद्याचा असतो. बावीस वर्षांच्या पोराची खरी टक्केवारी किती, हे कुणालाच माहीत नसतं. स्टालसारख्याची मात्र हजारो शॉटांची नोंद समोर असते. ती न पाहता एका मोसमावर भरवसा ठेवला, ही माझी चूक होती.

आता भरपाई होणार, असं धरणं

ही चूक आकडे वाचणारेच जास्त करतात. समजा चौतीस वर्षांच्या एका विंगरने (कडेने खेळणाऱ्या आक्रमकाने) पहिल्या २० सामन्यांत ४५ शॉटमधून १४ गोल केले. टक्केवारी झाली ३१. त्याची नेहमीची आहे १२. एक जण म्हणतो, याच वेगाने ८२ सामन्यांत ५७ गोल. दुसरा स्वतःला शहाणा समजून म्हणतो, हा शेवटी सरासरीवर येणार, म्हणजे मोसमाला बावीस-तेवीस, म्हणून आता गोल आटणार.

दोघंही चुकतात. उरलेले सामने ६२. सामन्याला सव्वादोन शॉट धरले तर साधारण १४० शॉट. त्यांचे १२ टक्के म्हणजे १७ गोल. आधीचे १४ धरून मोसम संपेल ३१च्या आसपास. टक्केवारी पूर्वपदावर येते ती पुढच्या शॉटांसाठी, मागचे जास्तीचे गोल कुणी परत घेत नाही.

आता व्यवहाराचं बोलू. तो तुमच्या संघात असेल तर १४ गोल तुमच्या खात्यात जमा झालेत, पुढे मिळायचे आहेत १७. ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, समोरचा ५७ची किंमत देत असेल तर द्या. २२ची देत असेल तर ठेवा. आणि तुम्ही विकत घेणारे असाल, तर पैसे फक्त त्या १७ गोलांचे मोजा. लीगमध्ये नोव्हेंबर महिन्यात मी सर्वाधिक वाईट ट्रेड पाहिलेत ते याच ठिकाणी. लोक दुसऱ्याच्या खात्यात आधीच पडलेले गोल विकत घेतात.

टक्केवारी वाढली की सगळं नशीब म्हणणं

२०२१-२२मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सच्या ख्रिस क्रायडरने ५२ गोल केले. तिशी गाठलेला खेळाडू, आधीचा उच्चांक २८. टक्केवारी वीसच्या आसपास. मी आणि माझ्यासारख्या सगळ्यांनी त्याच्यावर फुली मारली. पुढच्या वर्षी ३६ गोल, त्याच्या पुढच्या वर्षी ३९. दोन्ही वर्षी तो आमच्या अंदाजाच्या कितीतरी वर राहिला.

आम्ही काय पाहिलं नाही? त्या ५२ पैकी २६ गोल पॉवर प्लेवरचे होते. क्रायडरची जागा गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, नाकासमोर. त्याचे साथीदार पानारिन, झिबानेजाद आणि अ‍ॅडम फॉक्स बाहेरून पक (खेळातली रबरी चकती) मारणार आणि हा गर्दीत उभा राहून काठीने त्याची दिशा बदलणार किंवा सुटलेला पक आत ढकलणार. दोन फुटांवरून मारलेल्या शॉटची टक्केवारी जास्त असायचीच. खेळाडू शॉट कुठून मारतो हे न पाहता टक्केवारीला नशीब म्हणता येत नाही. ५२ टिकणार नव्हते, हे आमचं बरोबर होतं. पण घसरून तो २८वर येईल, हे चूक. नवी पातळी जुन्यापेक्षा वर होती आणि ती आणखी दोन मोसम राहिली. २०२४-२५मध्ये तो ६८ सामन्यांत २२ गोलांवर आला आणि रेंजर्सनी त्याला अ‍ॅनाहाइमला पाठवलं.

फ्लोरिडाच्या सॅम राइनहार्टचंही तसंच. २०२३-२४मध्ये २३३ शॉटमधून ५७ गोल, म्हणजे जवळजवळ साडेचोवीस टक्के. हे टिकणं शक्यच नव्हतं. पुढच्या मोसमात ३९. लोक म्हणाले कोसळला. पण ५७च्या आधीचा त्याचा उच्चांक ३३ होता! म्हणून मी आता दोन आकडे लिहितो: भराच्या वर्षाचा आणि त्याआधीच्या तीन वर्षांच्या सरासरीचा. कारण सापडलं असेल तर माझा अंदाज दोन्हींच्या मध्ये, सापडलं नसेल तर जुन्या सरासरीला चिकटून.

पॉवर प्लेवरची जागा न तपासणं

राइनहार्टच्या ५७ पैकी २७ गोल पॉवर प्लेवर आले. दोन मिनिटांच्या पॉवर प्लेसाठी संघाच्या खेळाडूंच्या दोन फळ्या असतात. पहिली फळी बहुतांश वेळ खाते, दुसरीला उरलेले क्षण मिळतात. त्यामुळे एखादा अनुभवी खेळाडू पहिल्या फळीत गेला की त्याचे पॉइंट वाढतात आणि जागा गेली की बातमी यायच्या आत आटतात. दर आठवड्याला त्याची पॉवर प्लेवरची मिनिटं बघा. दुखापतग्रस्त खेळाडूच्या जागी तो गेला असेल, तर तो दुखापतग्रस्त खेळाडू कधी परततोय हेही बघा.

संघ बदलला तरी जुनेच आकडे धरणं

नझेम कादरीने २०२१-२२मध्ये कोलोरॅडोकडून फक्त ७१ सामन्यांत ८७ पॉइंट केले. त्याआधी मोसमातला त्याचा उच्चांक होता ६१. पॉवर प्लेवर सोबतीला मॅकिनन, रांटानेन, मकार असे बडे खेळाडू. त्या उन्हाळ्यात स्टॅनली कप, म्हणजे NHLचं विजेतेपद, जिंकून तो आमच्या कॅल्गरीत आला आणि गावात आनंदीआनंद झाला. पहिल्या मोसमात ८२ सामन्यांत ५६ पॉइंट. खेळाडू तोच होता, आजूबाजूची माणसं बदलली होती. पुढे २०२३-२४मध्ये त्याने ७५ केले, म्हणजे कादरी संपलाही नव्हता. ५६ पाहून ज्यांनी त्याला सोडून दिलं, त्यांनी ८७ पाहून उचलणाऱ्यांचीच चूक उलट्या बाजूने केली.

एरिक कार्लसनचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं, कारण तो वाईट संघातून चांगल्या संघात गेला. २०२२-२३मध्ये सॅन होजे शार्क्सनी जेमतेम २२ सामने जिंकले, पण बत्तिशीतल्या कार्लसनने डिफेन्समन (बचावातला खेळाडू) असून १०१ पॉइंट केले. त्या संघाचं सगळं आक्रमण त्याच्या काठीवरून जायचं. मग तो पिट्सबर्गला गेला. तिथे क्रॉस्बी, माल्किन, लेटांग. वाटलं, आता आणखी वाढतील. झाले ५६. मोठ्या खेळाडूंमध्ये पक वाटून घ्यावा लागतो. चांगला संघ म्हणजे जास्त पॉइंट, हे समीकरण डोळे मिटून लावू नका.

आणि सोबतीला कितीही मोठा खेळाडू असला तरी हमी नसते. झॅक हायमनने एडमंटनमध्ये मॅकडेव्हिडच्या शेजारी २०२३-२४ला ५४ गोल केले. पुढच्या मोसमातही मॅकडेव्हिड तिथेच होता. हायमनचे झाले २७.

वय सगळ्यांना सारखंच लावणं

२०१८-१९मध्ये आमच्या कॅल्गरी फ्लेम्सचा कर्णधार, डिफेन्समन मार्क जिओर्डानो पस्तिसाव्या वर्षी ७४ पॉइंट करून सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी घेऊन गेला. आधीचा उच्चांक ५६. पुढच्या मोसमात ६० सामन्यांत ३१. लोक म्हणाले वय झालं. पण त्या ७४ पैकी ५७ असिस्ट होते आणि त्या वर्षी अख्खा फ्लेम्स संघच तापलेला होता. त्याच संघातल्या जॉनी गॉड्रोने ९९ पॉइंट केले होते. पुढच्या वर्षी त्याचे ७० सामन्यांत ५८. तेव्हा गॉड्रो जेमतेम सव्वीस वर्षांचा. खाली आला तो सगळा संघ.

म्हणून डिफेन्समनचे असिस्ट वाढले की तो बर्फावर असताना संघाची शूटिंग टक्केवारी किती होती ते बघा. पाच-विरुद्ध-पाच खेळात ती साधारण आठच्या आसपास असते. अकरा-बारा दिसली तर त्याचे असिस्ट दुसऱ्यांच्या भरावर उभे आहेत.

याउलट जो पावेल्स्की. डॅलसकडून २०२१-२२मध्ये सदतिसाव्या वर्षी ८१ पॉइंट, कारकिर्दीतले सर्वाधिक. पुढच्या मोसमात ७७, त्यापुढे ६७. सोबतीची रूपे हिंट्झ आणि जेसन रॉबर्टसन ही जोडी कायम राहिली. शिवाय पकची दिशा बदलण्याची त्याची कला पायांच्या वेगावर अवलंबून नव्हती, आणि वेग हा वयाबरोबर आधी जातो. धावून, बचाव चिरून गोल करणारा पस्तिशीचा खेळाडू आणि गोलसमोर उभा राहून करणारा पस्तिशीचा खेळाडू, यांना मी एकाच मापाने मोजत नाही. पाहायला हवं ते आइस टाइमकडे, म्हणजे सामन्यात बर्फावर मिळणाऱ्या मिनिटांकडे. ते दोन-तीन महिन्यांत दीड-दोन मिनिटांनी उतरलं, तर पॉइंट अजून पडत असले तरी प्रशिक्षकाने आपला निर्णय घेतलेला असतो.

आकड्यांपलीकडे न पाहणं

जेसन ब्लेकने २००६-०७मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सकडून तेहेतिसाव्या वर्षी ४० गोल केले आणि टोरांटोने त्याला पाच वर्षांचा करार दिला. पुढच्या मोसमात १५ गोल. कराराच्या वर्षात खेळला आणि नंतर थंडावला, असं अजूनही त्याच्याबद्दल बोललं जातं. मला ते पटत नाही. त्या मोसमात त्याने ३३२ शॉट मारले होते, आदल्या वर्षीपेक्षाही जास्त. थंडावलेला माणूस इतके शॉट मारत नाही. टक्केवारी साडेचारवर आली होती, आणि मोसम सुरू होताना, ऑक्टोबरमध्येच, त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं होतं. तो उपचार घेत सगळे ८२ सामने खेळला. चिकाटीसाठी दिली जाणारी बिल मास्टर्टन ट्रॉफी त्या वर्षी त्याला मिळाली.