अमेरिकी लॉ स्कूलमधील कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना

अमेरिकेत जे.डी.च्या, म्हणजे वकिलीसाठीच्या तीन वर्षांच्या कायद्याच्या पदवीच्या, पहिल्या वर्षात बहुतेक विषयांचे गुण सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर आणि तेही वर्गातील इतरांच्या तुलनेत ठरतात, आणि मोठ्या फर्म उन्हाळी नोकऱ्या देताना याच गुणांकडे पाहतात. घरात वकिली असलेल्यांना हे आधीच ठाऊक असते. इतरांना कळेपर्यंत अर्धे सत्र संपलेले असते. ही उणीव भरून काढण्याचे काम मी सर्वांत नेटाने होताना पाहिले ते ब्लॅक लॉ स्टुडंट्स असोसिएशनमध्ये.

या संघटनेची स्थापना १९६८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये ए. जे. कूपर यांनी केली. हेमन स्वेट यांना केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारणाऱ्या टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलला आपली दारे उघडावी लागली ती १९५० मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, हे लक्षात घेतले म्हणजे पहिल्या पिढीतील या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या आधाराची किती निकड होती ते समजते.

आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी नव्यांना त्याच प्राध्यापकांच्या विषयाची जुनी आउटलाइन, म्हणजे परीक्षेसाठी काढलेला अभ्यासक्रमाचा सारांश, देतात, सराव परीक्षा घेतात, उत्तर कुठे फसले ते समोर बसून दाखवतात आणि मुलाखतीची तयारी करून घेतात. राष्ट्रीय पातळीवर गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाची मूट कोर्ट, म्हणजे काल्पनिक खटल्यावर युक्तिवाद करण्याची, स्पर्धाही होते. माझ्या मते मात्र याहून मोलाचे काम वेगळेच आहे. घटनात्मक कायद्याच्या तासाला वंशभेदाचे खटले निघाले की वर्गातल्या एकट्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने सगळ्या समाजाच्या वतीने बोलावे अशी अपेक्षा केली जाते, आणि तो ताण न सांगता समजणारी माणसे त्याला इथे भेटतात. प्रवेशात वंशाचा विचार करण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जवळपास पूर्णविराम दिल्यानंतर हा आधार अधिकच गरजेचा झाला आहे.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी साउथ एशियन लॉ स्टुडंट्स असोसिएशनची चौकशी अवश्य करावी. कृष्णवर्णीय संघटनेची व्याख्याने बहुधा सर्वांना खुली असतात आणि अनेक ठिकाणी सदस्यत्वही. तेथे जरूर जावे, ऐकावे, आयोजनात हात लावावा, पण मार्गदर्शकांचा वेळ ज्यांच्यासाठी राखलेला आहे त्यांच्या आधी आपण मागू नये.