गर्डर किती वाकेल? पोटमाळ्याचं गणित पायरीपायरीने

पोटमाळा टाकायचा ठरला की मिस्त्री म्हणतो, "दीडशेचा आय बीम टाकू." बरेचदा ते चालूनही जातं. पण गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) जरा लांबला की हाच अंदाज फसतो. गर्डर मोडत नाही, पण मधोमध झोल येतो, फरशीच्या सांध्यांना चिरा जातात, वर चाललं की माळा थरथरतो. म्हणून गर्डरला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: भार पेलेल का, आणि वाकेल किती?

खोली आतून ३.८ मीटर आहे असं धरू. गर्डर दोन्ही भिंतींवर २०० मिमी टेकलाय. टेकणीच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४ मीटर, आणि गणितात गाळा हाच घ्यायचा, आतलं माप नाही. टोकं नुसती टेकलेली आहेत, जखडलेली नाहीत. यालाच सिंपली सपोर्टेड बीम म्हणतात. दर १.२ मीटरवर एक गर्डर आणि वर शहाबादी फरशी.

आधी भार काढा. फरशी, सिमेंटचा माल आणि वरच्या टाइल्स मिळून चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन धरू (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचं वजन). राहत्या खोलीत माणसं आणि सामानासाठी आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात २ किलोन्यूटन दिलेत. माळ्यावर पोती किंवा पुस्तकांचे गठ्ठे रचायचे असतील तर हा आकडा वाढवाच, इथे काटकसर नको. एकूण ३.५. मधला प्रत्येक गर्डर दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा पट्टा उचलतो, म्हणजे १.२ मीटर रुंदी: ३.५ × १.२ = ४.२. आयएसएमबी १५० चं (म्हणजे दीडशे मिमी उंचीच्या त्याच आय बीमचं) स्वतःचं वजन मीटरला सुमारे १५ किलो, म्हणजे ०.१५. भार झाला मीटरला ४.३५ किलोन्यूटन.

आता बेंडिंग मोमेंट, म्हणजे गर्डरला वाकवू पाहणारा जोर. सूत्र आहे भार × गाळा × गाळा ÷ ८. हा ८ पाठ करण्यापेक्षा समजून घ्या. गर्डर मधोमध कापला अशी कल्पना करा. निम्मा भार भिंत वर ढकलते, तोही मध्यापासून अर्ध्या गाळ्यावरून. त्याच अर्ध्या तुकड्यावरचं ओझं खाली दाबतं, पण त्याचा मध्य पाव गाळ्यावर. एकातून दुसरं वजा केलं की एक-चतुर्थांशातून एक-अष्टमांश जाऊन एक-अष्टमांश उरतो. आपल्या गर्डरला ४.३५ × ४ × ४ ÷ ८ = ८.७ किलोन्यूटन-मीटर.

ताण काढायला याला सेक्शन मॉड्युलसने, म्हणजे गर्डरच्या छेदाच्या आकारावरून ठरणाऱ्या आकड्याने, भागायचं. तो आकडा पोलादाच्या तक्त्यात मिळतो. आयएसएमबी १५० साठी ९६.९ घन सेंमी. ताण आला चौरस मिलिमीटरला सुमारे ९० न्यूटन. नेहमीच्या पोलादाला जुन्या वर्किंग स्ट्रेस पद्धतीत (प्रत्यक्ष ताण ठरावीक मर्यादेत ठेवायची पद्धत) १६५ चालतो. पहिला प्रश्न सुटला.

दुसऱ्यात खरी मेख आहे. बाक म्हणजे गर्डर मधोमध किती मिमी खाली वाकतो ते. त्याचं सूत्र:

बाक = ५ × भार × गाळ्याचा चौथा घात ÷ (३८४ × ई × आय)

सगळं न्यूटन आणि मिलिमीटरमध्ये घ्या. ४.३५ किलोन्यूटन प्रतिमीटर म्हणजे ४.३५ न्यूटन प्रतिमिलिमीटरच, आकडा बदलत नाही. 'ई' म्हणजे पोलादाचा ताठपणा, २,००,०००. 'आय' म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया, आकारामुळे येणारा ताठपणा. पोलादी फूटपट्टी आडवी धरून वाकवा, मग उभी धरून वाकवा. 'आय' काय करतो ते हाताला कळेल. आपल्या गर्डरचा 'आय' ७२६.४, सेंटिमीटरच्या चौथ्या घातात. मिमीत नेताना पुढे चार शून्यं: ७२,६४,०००.

वर येतात ५५६८, खाली ५५८, दोन्हींपुढे बारा-बारा शून्यं. बाक झाला १० मिमी. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकाच्या १९८४ च्या आवृत्तीतली मर्यादा गाळ्याचा ३२५ वा भाग, म्हणजे १२.३ मिमी. जमलं.

आता फक्त गाळा ५ मीटर करा, बाकी सगळं तेच ठेवा. ताण १४० येतो, अजूनही १६५ च्या आत. पण बाक २४ मिमीच्या वर जातो आणि मर्यादा आहे १५.४! गाळा सव्वापट झाला, बाक जवळजवळ अडीचपट. नुसता ताण तपासून थांबणारे इथेच चुकतात.

याच ५ मीटरला आयएसएमबी २०० घेतला तर मीटरला २५.४ किलो, म्हणजे लोखंड १.७ पट. 'आय' मात्र २२३५, तिपटीहून जास्त. बाक ८ मिमीवर येतो. जास्त लोखंड घ्यायचंच असेल तर ते उंचीत घ्यावं, असं माझं मत आहे ते यामुळे.

हे आकडे मिस्त्रीशी आणि इंजिनिअरशी नीट बोलता यावं म्हणून. भिंत तो भार पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागेवर पाहायलाच हवं. त्याला दोन गोष्टी आवर्जून विचारा. टेकणीखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक (भार पसरवणारा ठोकळा) आहे का, की गर्डर थेट विटेवर बसतोय? आणि गर्डरची वरची पाती ('आय'चा वरचा आडवा पट्टा) फरशीच्या मालात पक्की धरलेली आहे का? ती मोकळी राहिली तर गर्डर बाजूला कलंडू शकतो आणि मग १६५ हा आकडा धरता येत नाही.