रुग्णसाहित्य केंद्र चालवायचं तर

घरात कुणी सहा-आठ महिने अंथरुणाला खिळलं की घरची माणसं पुष्कळ शिकतात. एअर बेडचा, म्हणजे हवेने फुगणाऱ्या गादीचा, पंप कसा आवाज करायला लागला की बिघडला समजायचं, जड माणसाची कूस दोघांनी मिळून कशी बदलायची, दवा बाजारात कुठली वस्तू भाव करून मिळते. मग एक दिवस रुग्ण बरा होतो किंवा जातो, आणि खाट, व्हीलचेअर, कमोड खुर्ची जिन्याखाली जाऊन पडते. त्याच आठवड्यात दोन गल्ल्या सोडून दुसरं घर तीच खाट नवी विकत घेत असतं. या दोन घरांची गाठ घालून देणं एवढंच रुग्णसाहित्य केंद्राचं काम. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर, इंदूरच्या कुठल्याही मराठी वस्तीतल्या मंडळाच्या एका खोलीत ते सुरू करता येतं.

वस्तू उसनी देणं सोपं असतं. ती परत आणणं आणि पुन्हा देण्याजोगी करणं अवघड. बंद पडलेली बहुतेक केंद्रं इथेच अडकलेली असतात, म्हणून सगळी आखणी परतीच्या बाजूने करा.

कागद आणि पैसे

नवी संस्था काढायची घाई करू नका. मध्य प्रदेशात संस्थेची नोंदणी 1973 च्या सोसायटी कायद्याखाली होते, आणि पुढे दरवर्षी हिशेब आणि कार्यकारिणीची यादी सादर करणं मागे लागतं. पहिलं वर्ष आधीच नोंदलेल्या मंडळाची उपसमिती म्हणून काढा. ठरावात दोन गोष्टी हव्यातच: वस्तूंची मालकी कोणाची, आणि केंद्र बंद झालं तर त्या कोणाकडे जायच्या. पैसे मंडळाच्या खात्यात, दोघांच्या सहीने. कुणाच्याही खाजगी यूपीआयवर एक रुपयाही नको, माणूस कितीही सज्जन असला तरी.

मंडळाकडे 80जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असेल तर देणगीदार विचारतातच. ही सवलत रकमेच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. खाट देणाऱ्याला हे आधीच सांगा, आणि पावतीवर वस्तूचं नाव लिहा, किंमत लिहू नका.

अनामत रक्कम हे उत्पन्न नव्हे. ती वेगळ्या वहीत आणि जमल्यास वेगळ्या खात्यात ठेवा. अनामतीतून नवी व्हीलचेअर घ्यायचा मोह प्रत्येक केंद्राला होतो. मग एकाच आठवड्यात आठ घरं वस्तू परत करतात, द्यायला पैसे नसतात, आणि पाच वर्षांचं नाव पाच दिवसांत जातं. वॉकरला 300, व्हीलचेअर किंवा एअर बेडला 1,000, खाटेला 3,000 रुपये अशा बेताने ठेवा. त्याहून कमी ठेवली की वस्तू विसरली जाते, फार जास्त ठेवली की गरजू माणूस दारातूनच परत फिरतो. एवढेही नसतील तर अनामतीऐवजी वस्तीतल्या ओळखीच्या माणसाची हमी घ्या.

काय ठेवायचं, काय नाही

खोली तळमजल्यावर हवी, साधारण 10 बाय 12 फूट, दार साडेतीन फुटांचं. नळ आणि पाणी वाहून जाईल असा एक कोपरा हवाच. नाहीतर धुण्याचं काम उद्यावर जात राहतं. सुरुवातीला 4 व्हीलचेअर, 6 वॉकर, 4 कमोड खुर्च्या, 3 एअर बेड आणि 2 फाउलर खाटा (डोक्याकडची बाजू क्रँकने, म्हणजे फिरवायच्या दांड्याने, वर उचलता येणाऱ्या) पुरतात. बेडपॅन, युरिन पॉट, नेब्युलायझरचा मास्क, ऑक्सिजनची नाकातली नळी, सक्शनची नळी या वस्तू उसन्या द्यायच्या नसतात. त्या घरच्यांनी नव्या घ्यायच्या, आणि वापरलेल्या कचरागाडीच्या सॅनिटरी डब्यात टाकायच्या. कापसाच्या गाद्या, लाकडी पलंग आणि उरलेली औषधं कोणी देऊ केली तर हात जोडून नाही म्हणा. गाद्यांत ढेकूण येतात, आणि औषधं वाटणं हे आपलं काम नाही.

देणगीच्या वस्तूसाठी गाडी पाठवण्याआधी फोटो मागवा आणि फोनवर विचारा: क्रँक पूर्ण फिरतो का, शेवटची कधी वापरली, चाकं आहेत का. हे न विचारल्यामुळे लोडिंग रिक्शाचं भाडं भरून भंगार आणलं जातं.

आलेल्या प्रत्येक वस्तूवर ऑइल पेंटने क्रमांक टाका. स्टिकर दुसऱ्या धुण्यात निघतो. नोंदवहीत क्रमांक, नेण्याची तारीख, रुग्णाचं नाव, पत्ता, अनामत आणि दोन फोन नंबर. दुसरा नंबर त्या घरात न राहणाऱ्या नातेवाइकाचा हवा, कारण दवाखान्याच्या धावपळीत घरचा फोन उचलला जात नाही. आधार कार्ड पत्ता ताडून पाहायला बघा आणि परत द्या. झेरॉक्सचे गठ्ठे सांभाळायची जबाबदारी कशाला घ्यायची? मुदत एक महिना, एका फोनवर वाढणारी. खरगोन, धार, देवासहून एम.वाय. या सरकारी रुग्णालयात आलेल्या रुग्णाचं इंदुरातलं बिऱ्हाड कुठे आहे आणि गावी जाताना वस्तू बरोबर जाणार का, हे त्याच वेळी लिहून घ्या.

देताना पाच मिनिटं

वस्तू नुसती हातात देऊ नका. वॉकर असेल तर रुग्णाला नेहमीची चप्पल घालून उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. उंच वॉकरने खांदे चढतात, बुटक्याने माणूस पुढे झुकतो आणि पडतो. रुग्ण आलेला नसेल तर मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप मागवा. चारही पायांचे रबरी बूट उलटे करून बघा. झिजून गुळगुळीत झालेला बूट ओल्या फरशीवर सटकतो.

व्हीलचेअर नेणाऱ्याला पहिला प्रश्न बाथरूमच्या दाराचा. 18 इंची बैठकीच्या खुर्चीची पूर्ण रुंदी 25-26 इंच भरते, आणि जुन्या घरांत बाथरूमचं दार बरेचदा 24 इंचांचं. अशा घराला व्हीलचेअरबरोबर खाटेशेजारी ठेवायची कमोड खुर्चीही लागणार, हे त्यांना घरी गेल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. हवेच्या टायरची खुर्ची असेल तर हवा दाबून बघा: ब्रेक टायरवरच दाबला जातो, हवा कमी असली की ब्रेक लावूनही खुर्ची सरकते, आणि नेमकी रुग्ण उठताना सरकते. पुढच्या छोट्या चाकांत केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. ते चिमट्याने काढले की ‘जाम झालेली’ खुर्ची चालू लागते.

सगळ्यात जास्त वेळ एअर बेडला द्या, कारण गैरसमज त्याच्याबद्दलच जास्त आहेत. तो नेहमीच्या गादीवर अंथरायचा, नळ्या पायाकडे, पंप पायाकडच्या कठड्याला. रुग्णाला झोपवण्याआधी अर्धा तास फुगू द्यायचा. मग गादी आणि एअर बेड यांच्यामध्ये, रुग्णाच्या कमरेखाली, तळहात सरकवून बघायचं: वरचं हाड हाताला टोचलं तर हवा कमी आहे, पंपाचं बटण वाढवा. वर एकच पातळ सुती चादर, तीही सैल. लोक वर जाड रबरी शीट, त्यावर गोधडी, त्यावर चादर घालतात. मग बेड असून नसल्यासारखा. एअर बेड आणला म्हणून कूस बदलायचं सुटत नाही. दर दोन तासांनी बदलायचीच. माकडहाडापाशी किंवा टाचेला लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबूनही तो फिका पडला नाही, तर जखम सुरू झाली आहे; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. वीज गेली तर नळ्या पंपातून काढून दुमडून बांधायच्या, म्हणजे हवा काही वेळ टिकते.

खाट पोहोचवायला चार माणसं आणि जिन्याची रुंदी आधी मोजलेली हवी. रंगपंचमीला राजवाड्याच्या बाजूला कुठलीही फेरी ठरवू नका, गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, गाडी शिरत नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर

हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं हे यंत्र पहिल्या वर्षी ठेवू नका. ठेवलंच तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका, आणि चिठ्ठीवर मिनिटाला किती लिटर ते लिहिलेलं हवं. दम वाढला की घरचे आपल्या मनाने लिटर वाढवतात. फुप्फुसाच्या जुनाट आजारात काही रुग्णांच्या रक्तात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ते गुंगीत जातात. म्हणून ठरलेल्या आकड्यापाशी रंगीत चिकटपट्टी लावून द्या. यंत्र भिंतीपासून फूटभर लांब, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, जाळीचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवलेला. त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी काही नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर यंत्र किंवा दिवा, एक काहीतरी हलवावं लागेल, आणि आजीबाईंना हे सांगायचं काम घरच्यांवर सोडू नका. वीज गेली की यंत्र बंद, म्हणून भरलेला सिलिंडर घरात हवाच.

खोलीत पडून राहिलेला कॉन्सन्ट्रेटर बिघडतो, कारण आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे) दमट हवेतलं पाणी धरतो आणि मग नायट्रोजन अडवत नाही. दर महिन्याला अर्धा तास चालवा. नवीन रुग्णाला देण्याआधी ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घ्या. 90 ते 96 टक्के यायला हवं.

परत आलेली वस्तू

आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा. मळ असताना जंतुनाशक काम करत नाही. मग 5 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (पातळ ब्लीच) 20 मिली घेऊन एक लिटर द्रावण करा आणि पुसा. रक्ताचे डाग असतील तर लिटरला 200 मिली. 10 मिनिटं थांबून साध्या पाण्याने पुसायचं आणि कोरडं करायचं, नाहीतर सांध्यांना गंज धरतो. द्रावण रोजचं रोज ताजं, हातमोजे घालून, खिडकी उघडून. टॉयलेट क्लीनर त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. खाटेच्या क्रँकला ग्रीस आणि नट घट्ट करणं त्याच बैठकीत.

परतीचा फोन

महिना झाला की फोन करायचा, हे ठीक. पण रुग्ण गेल्याची बातमी कुठूनही कळली की नोंदवहीत त्या नावापुढे लगेच खूण करा. नाहीतर दुसरा कार्यकर्ता पाचव्या दिवशी फोन लावून ‘पेशंट कसे आहेत?’ विचारतो. खूण केलेल्या घरी तेराव्यानंतर फोन, तोही वस्तू मागण्यासाठी नाही: ‘काकू, खाटेची घाई नाही. जागा अडत असेल तर माणसं पाठवतो.’ काही घरांना मात्र रिकामी खाट डोळ्यांसमोर नको असते. त्यांचा फोन आला तर त्याच दिवशी जा.

उचलण्याआधी गादीखाली, कठड्याच्या फटीत, उशीच्या खोळीत बघा. चष्मा, कानातलं, जपमाळ, देवाचा फोटो हमखास सापडतो. तो पाकिटात घालून घरच्यांच्या हातात द्या. अनामत तिथल्या तिथे परत करा आणि देणगीचा विषय काढू नका.

या घरांतलीच काही माणसं पुढे येऊन विचारतात, ‘मी काही काम करू का?’ केंद्राला यांच्याइतकं जाणतं माणूस मिळत नाही, पण त्यांना लगेच फोनवर बसवू नका, आणि ज्या आजाराने घरचं माणूस गेलं त्याच आजाराच्या घरी तर पाठवूच नका. पहिले काही महिने हाताचं काम द्या: धुणं, नट आवळणं, क्रमांक रंगवणं, नोंदवही. नेहमी दोघं मिळून बसवा. कोणी रडलं तर चहा टाका, काम थांबवा, सल्ला देऊ नका. तीन-चार महिन्यांत बरेच जण आपणहून फोन उचलू लागतात. नाही उचलला, तरी वॉकरचे रबरी बूट तपासायचे राहिलेलेच असतात.